विश्लेषण : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत काय दडले आहे? देवळालीच्या कापरेकर मास्तरांची आणि त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांची गोष्ट

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा १ दाबा. आलेल्या संख्येला तिनेच गुणा. काही फोनवर उत्तराऐवजी मधेच इंग्रजी ‘ई’ अक्षर घुसलेली अर्धवट संख्या दिसेल. एक्सेलमध्ये हाच गुणाकार केला तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे येते, कारण एक्सेल पंधराच अंक जपते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. कागदावर आडव्या-उभ्या रांगा मांडून गुणाकार केला की खरे उत्तर मिळते : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढत जाणारे आणि तसेच एकापर्यंत उतरणारे हे सतरा अंक.

ही संख्या अनेकांनी शाळेत फळ्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेली असते. पण तिच्या घराण्याला नाव आहे, ते नाव डोंबिवली स्टेशनवरून आले आहे आणि ते देणारे गृहस्थ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ते ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून छापले जाते. हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला बराच काळ दुर्लक्ष आणि थट्टा आली.

कोण होते कापरेकर?

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. पत्रिका मांडायची तर बेरजा-वजाबाक्या, भागाकार आणि बाकी यांच्याशी सतत झटापट करावी लागते. ज्योतिष खरे की खोटे हा वेगळा वाद. पण त्या आकडेमोडीचे वेड वडिलांकडून मुलात उतरले. कापरेकर आठ वर्षांचे असताना आई वारली आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय र. पु. परांजपे याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांच्या नावाने गणिताचे एक पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते पारितोषिक कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण इथेच संपले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९३० पासून त्यांनी देवळालीत शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती सोडली नाही.

एखाद्या माणसाच्या आयुष्यात घडले काय, असे विचारले तर कापरेकरांबाबत उत्तर एवढेच येते : शाळा, घर, अधूनमधून गणित परिषदेसाठी रेल्वेचा प्रवास आणि बाकी सगळा वेळ कागदावर संख्या. ज्याला त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे आहे त्याला त्यांच्या संख्यांकडेच जावे लागते.

‘डेम्लो’ हे नाव कुठून आले?

बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून मुंबईची गाडी पकडली की भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड करत ती नाशिक रोडला येते. पुढचेच स्टेशन देवळाली. मग इगतपुरी, कसारा घाट, कल्याण आणि कल्याणनंतर डोंबिवली. वऱ्हाडातल्या प्रवाशांना ही ओळ तोंडपाठ असते. ही जुनी जीआयपी रेल्वे. त्या काळी डोंबिवलीला ‘डेम्लो’ असेही म्हणत. मुंबईपासून साधारण तीस मैलांवरच्या या स्टेशनवर असताना कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी स्टेशनचेच नाव संख्यांना देऊन टाकले. बड्या गणितज्ञांचे नाव लावायची रीत असलेल्या विषयात उपनगरी स्टेशनचे नाव लावणे, हा त्यांचा स्वभावच म्हणायला हवा. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात या अद्भुत डेम्लो संख्यांवरचे त्यांचे टिपण छापून आले.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? तिचे तीन तुकडे पडतात. डावा आणि उजवा तुकडा यांची बेरीज केली की सगळे अंक सारखे येतात आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक असतो. १६५ घ्या : १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या : २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली सतरा अंकी संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, मध्ये ९. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९. आठच्या आठ नऊ. म्हणजे ही संख्या डेम्लो घराण्यातली आहेच, आणि तीही ‘अद्भुत’ म्हणवल्या गेलेल्या शाखेतली. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ही शाखा वाढत जाते. यातली प्रत्येक संख्या नुसत्या एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग असते.

हा डोंगर तयार कसा होतो?

यात जादू नाही, हातचा नसणे एवढेच आहे. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना आपण नऊ ओळी लिहितो. प्रत्येक ओळीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. शेवटी उभ्या रकान्यांची बेरीज करायची. अगदी उजव्या रकान्यात एकच १ आहे, त्यापुढच्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचे एक येतात, म्हणून तिथे ९. मग डावीकडे पुन्हा एकेक ओळ कमी होत जाते. कुठेही बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि अंकांची चढण-उतरण जशीच्या तशी शाबूत राहते.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा सरकतो आणि डोंगर मोडतो. म्हणून आपली संख्या ही या रांगेतली शेवटची देखणी संख्या.

ती केवढी मोठी आहे? कोटींत वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यात परार्धाच्या आधीचे, म्हणजे सतरावे स्थान ‘मध्य’. आपल्या संख्येचा पहिला अंक तिथे बसतो. इतक्या सेकंदांची वर्षे केली तर सुमारे ३९ कोटी वर्षे होतात. संगणकाची अडचणही आकारामुळेच आहे. जावास्क्रिप्टसारख्या भाषेत साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे गेली की प्रत्येक पूर्णांक अचूक धरता येत नाही. आपली संख्या त्याच्या पलीकडची आणि विषम, म्हणून तिचा शेवटचा १ हरवतो आणि तिथे ० येतो. पेन्सिलीने आकडेमोड करणाऱ्या मास्तरांना ही अडचण कधी आली नसती.

हर्षद म्हणजे काय, आणि ही संख्या हर्षद आहे का?

कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना संस्कृतातून नाव दिले : हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद. १८ ची अंकबेरीज ९ आणि १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून १८ हर्षद. १९ ची बेरीज १० येते, भाग जात नाही, म्हणून १९ नाही.

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज करा. एक ते आठ मिळून ३६, दोन वेळा ७२, त्यात मधला ९ मिळवला की ८१. आता भाग देऊन पाहा. १२३४५६७८९८७६५४३२१ भागिले ८१ म्हणजे १५२४१५७८९९७१०४१. बाकी शून्य. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे. आणि आलेला भागाकार ही १२३४५६७९ या संख्येचा नेमका वर्ग आहे.

या १२३४५६७९ मध्ये ८ नाही, हे लक्षात आले का? ही आठ हरवलेली संख्या गणिताच्या शिक्षकांची जुनी लाडकी. तिला ९ ने गुणले की नऊ एक येतात, १८ ने गुणले की नऊ दोन, ८१ ने गुणले की नऊ नऊ. आणि १ ला ८१ ने भागत बसलात तर दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच अंक पुन्हा पुन्हा फिरत राहतात. अशा आवर्ती दशांशांचा कापरेकरांना नाद होता. त्यांच्या अंकचक्रांवर त्यांनी वेगळे लिखाणही केले.

अद्भुत डेम्लो शाखेतल्या सगळ्या संख्या हर्षद असतात असे मात्र समजू नका. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३४३२१ ची बेरीज १६, संख्या विषम, तिथेही नाही. पहिल्या नऊ संख्या तपासल्या तर १ सोडून दोनच पास होतात : १२३२१ आणि आपली. १२३२१ ला ९ ने भागले की १३६९ येतात, म्हणजे ३७ चा वर्ग. कारण शोधायला गेले तर सोपे निघते. इथे अंकांची बेरीज ही एकांच्या संख्येचा वर्ग असते : तीन एकांच्या वर्गासाठी ९, नऊ एकांच्या वर्गासाठी ८१. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की ती नुसत्या एकांची संख्या त्यातल्या एकांच्या मोजणीने भागली जाते का. १११ ला ३ ने भाग जातो, १११११११११ ला ९ ने जातो. चार, पाच, सहा, सात किंवा आठ एकांबाबत असे होत नाही. ज्यांनी शाळेत नवाचा ताळा शिकला असेल त्यांना नवाच्या बाबतीत असे का, ते विचारावे लागणार नाही.

तुकडे जोडून पाहायची खोड

कापरेकरांना संख्या मधोमध तोडून तुकड्यांची बेरीज करून पाहायची खोड होती. ४५ चा वर्ग २०२५. तोडा : २० आणि २५. बेरीज ४५. मूळ संख्या परत आली. ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, त्यात ४९४ अधिक २०९ म्हणजे पुन्हा ७०३. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

आपल्या संख्येचे काय? तिचे उजवीकडचे नऊ अंक तोडले की डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१ उरतात. बेरीज ९९९९९९९९९. मूळ संख्या, म्हणजे नऊ एक, परत येत नाही. म्हणून १११११११११ ही कापरेकर संख्या नाही. पण नऊ एकांऐवजी नऊ नऊ आले, आणि ही नऊ नवांची संख्या स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. तुकडे ९९९९९९९९८ आणि १. बेरीज तीच. हा योगायोग नाही. आपली सतरा अंकी संख्या ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९ इतकी आहे, त्यामुळे तिचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे जोडले की नऊ नवांचीच पट मिळणार, हे आधीच ठरलेले होते.

थट्टा कशाची होत होती?

हे सगळे वाचताना मजा येते, पण विद्यापीठातले गणिती कपाळाला आठ्या का घालत, तेही समजून घ्यायला हवे. आपण संख्या दहा अंकांत लिहितो ही माणसाची सोय आहे. बोटे आठ असती तर आठांत लिहिली असती. तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२१ चे सौंदर्य संख्येचे की तिच्या लिहिण्याचे, असा प्रश्न उभा राहतो. आठांच्या पद्धतीत लिहिले तर हा डोंगर दिसणारच नाही. तिचे अवयव मात्र कुठल्याही लिपीत तेच राहतील : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. सिद्धान्ताच्या मागे असणाऱ्यांना असे लिपीबाहेरचे गुणधर्म महत्त्वाचे वाटतात. अंकांच्या गमतीजमती त्यांना कोडी वाटतात.

आक्षेपात तथ्य आहे. कापरेकर रामानुजन नव्हते आणि त्यांची तुलना रामानुजन यांच्याशी करणारे लेख त्यांच्यावर अन्यायच करतात. पण आक्षेप तिथेच थांबत नसे. भारतीय गणिती वर्तुळात अनेकांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरवून हसण्यावारी नेले. प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे फारशी उघडली नाहीत. मग मास्तर स्वतःच पुस्तिका छापून घेत. मुखपृष्ठावर खासगी प्रकाशन असे लिहिलेले आणि पत्ता देवळालीचा. डेम्लो संख्यांवरची पुस्तिका १९४८ ची, स्वयंभू संख्यांवरची १९६३ ची. शाळामास्तराच्या पगारातून हा खर्च निघायचा. गणित परिषदांना ते तरीही जात राहिले. गणितातून मिळणाऱ्या आनंदावरून लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत.

६१७४ : ज्या संख्येने नाव दिले

कापरेकरांचे नाव ज्या संख्येमुळे टिकले ती मात्र चारच अंकी आहे. १९४६ मध्ये त्यांच्या ध्यानात आले की कुठलीही चार अंकी संख्या घ्यावी (चारही अंक सारखे नसावेत), तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्यातून लहान वजा करावे. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि एकदा आले की तिथेच थांबते.

अमरावतीच्या मुख्य डाकघराचा पिनकोड ४४४६०१. त्याचे शेवटचे चार अंक ४६०१ घेऊ. ६४१० वजा ०१४६ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत पोहोचलो. अकोल्याचा ४४४००१, शेवटचे चार अंक ४००१. अकोलेकरांना मात्र पूर्ण सात पायऱ्या चढाव्या लागतात : ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. (यावरून दोन शहरांत वाद नको. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तरी सातच पायऱ्या लागतात.) करताना एक पथ्य पाळायचे. वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लावून ती चार अंकी धरायची. आणि हो, ६१७४ हीसुद्धा हर्षद आहे. अंकबेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त ६१७४ वरचा त्यांचा लेख आला. तरीही मोठी प्रसिद्धी मिळायला आणखी वीस वर्षे गेली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले. गणिताच्या गमतीजमती वाचणाऱ्या जगभरच्या वाचकांचे ते सदर. देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव त्या एका लेखाने देशोदेशी गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

निवृत्तीनंतरचे दिवस

प्रसिद्धीने घर चालत नाही. १९६२ मध्ये नोकरी संपली. १९६६ मध्ये पत्नी वारली. पेन्शन अपुरे पडू लागले. राहणी इतकी साधी की त्याहून कमी खर्चात जगणे कठीण, तरीही पैसे पुरेनात. मग त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. ज्या वयात लोक नातवंडांकडे पाहतात त्या वयात ते मुलांना बीजगणित शिकवून गुजराण करत होते आणि उरलेल्या वेळात स्वयंभू संख्या शोधत होते.

स्वयंभू हे नावही त्यांचेच. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. २१ पासून २४, २४ पासून ३०. असे प्रत्येकीला कोणीतरी जन्मदाते हवे. पण २० ला कोणी नाही. कुठल्याही संख्येतून २० जन्मत नाही. ३१, ४२, ५३, ६४ यांचेही तसेच. आईबापाविना असलेल्या या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले, देवस्थानाला म्हणतात तसे. १९७० च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांचा प्रश्न मांडला, म्हणून काही पुस्तकांत त्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. काही ठिकाणी मात्र त्या ‘देवळाली संख्या’ म्हणूनही नोंदल्या आहेत. डोंबिवलीनंतर देवळालीही अशी गणिताच्या कोशात गेली.

१९८६ मध्ये कापरेकर गेले.

थट्टा झालेल्या कामाचे पुढे काय झाले?

ज्या संख्यांना कोडी म्हटले गेले त्यांवर पुढे रीतसर शोधनिबंध आले. लागोपाठच्या किती संख्या हर्षद असू शकतात, हा प्रश्न विचारायला सोपा आणि सोडवायला कठीण. १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केले की लागोपाठ वीस असू शकतात, एकवीस कधीच नाही. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचे मूळ शोधले. त्या ९, ९९, ९९९ अशा नुसत्या नवांच्या संख्यांच्या अवयवांतून निघतात. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. ७०३ ला ३७ ने पूर्ण भाग जातो आणि २७ ने भागल्यास १ उरतो. २९७ चे नेमके उलटे : २७ ने पूर्ण भाग, ३७ ने भागल्यास १. आणि २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. मास्तरांच्या वहीतल्या तोडजोडीखाली अवयवांचा भक्कम सिद्धान्त होता. तो त्यांनी लिहिला नाही, पण ज्या दगडाखाली तो होता त्यावर खूण त्यांनीच करून ठेवली होती.

पूर्णांक मालिकांच्या आंतरजालावरच्या विश्वकोशात अद्भुत डेम्लो संख्यांची स्वतंत्र नोंद आहे. १, १२१, १२३२१ अशी सुरुवात होऊन नवव्या जागी आपली सतरा अंकी संख्या येते. दहाव्या जागी दहा एकांचा वर्ग आहे : १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याने डोंगराचा माथा खचून तिथे दोन शून्ये पडली आहेत. डाव्या चढणीवर ८ हरवला आहे, उजव्या उतरणीवर तो शाबूत आहे. अंकांची बेरीज ८२ येते. ती सम आणि संख्या विषम, म्हणून ही हर्षद नाही.